इगतपुरीला एक इनुक चुकला

शनिवार, १० जानेवारी २००९, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटं. इगतपुरीच्या एका शाळेत माझ्या सातवीतल्या नातीचं, सईचं, बरोबर उत्तर चूक ठरवण्यात आलं.

प्रश्नमंजूषेसाठी आम्ही दोघी नाशिक रोडहून सकाळच्या पॅसेंजरने गेलो होतो. प्रवास तासाभराचा. जाणार असाल तर डबा घरून न्या, स्वेटर अंगातच ठेवा आणि रिक्षाचं भाडं आधी ठरवा. घाटमाथ्यावरचा वारा थेट कानशिलात लगावतो.

प्रश्न होता, "उत्तर कॅनडाच्या बर्फाळ भागातल्या मूळ रहिवाशाला काय म्हणतात?"

"इनुक," सई म्हणाली.

"चूक. एस्किमो." परीक्षक हसले. "इनुइट म्हणाली असतीस तर विचार तरी केला असता. अर्धवट पाठांतर."

मला कॉन्व्हेंटमध्ये 'ई फॉर एस्किमो'च शिकवलं होतं. ते नाव परक्यांनी ठेवलेलं, तिथल्या अनेकांना ते अपमानाचं वाटतं, हे मला सईनेच सांगितलं. त्यांच्या भाषेत इनुक म्हणजे माणूस.

मी उठले. "सर, इनुइट हे अनेकवचन आहे. तुम्ही एकटे बसला आहात, तुम्हाला 'माणसं' म्हणू का?"

"मॅडम, आमच्या कागदावर एस्किमो आहे."

त्या एका गुणाने अंतिम फेरी हुकली.

परतीच्या गाडीची वाट पाहताना सई म्हणाली, "आजी, पुढच्या वेळी मी एस्किमोच सांगेन. मार्क तरी मिळेल."

हरण्यापेक्षा हे वाईट होतं. मी फलाटावर बोरं विकणाऱ्या बाईला हाक मारली, "ए बोरंवाली, इकडे ये गं."

टोपली घेऊन ती आली. "बोरंवाली नाय, बाई. हिराबाई नाव हाय माजं."

सई दिवसभरात पहिल्यांदा हसली. "आजी, तुला शून्य मार्क."

"हिराबाई, चुकले," मी म्हणाले. "पावशेर द्या."

"लय गोड हायती," म्हणत हिराबाईंनी वर मूठभर बोरं सईच्या ओंजळीत टाकली.

गाडीत सई एकेक बोर खात होती. देवळाली गेल्यावर म्हणाली, "नाही. इनुकच सांगेन."

घरी आल्यावर बोरं संपली, तिचं 'इनुकच सांगेन' मात्र मनात राहिलं. म्हणून स्पर्धेच्या आयोजकांना इथेच जाहीर सांगते, पत्रही टपालात टाकलं आहे: गुण नको, ढाल नको. 'इनुक' हे उत्तर बरोबर होतं, एवढं सईच्या नावे लेखी कळवा. शुक्रवार, २३ जानेवारी, संध्याकाळी पाचच्या आत. पाकिटावर 'विद्यार्थिनी' नको, तिचं नाव घाला.