मान टेकली, टाकली नव्हती

काल सकाळी मंदा गेली आणि मला सगळ्यात आधी माझ्याच कादंबरीतलं एक वाक्य आठवलं.

बायको जाते आणि नवऱ्याला स्वतःचं लिखाण आठवतं. लाज वाटली. अजून वाटतेय.

पण ते वाक्य तिच्यावरूनच लिहिलं होतं, म्हणून सांगतो.

आमचं लग्न सत्तरच्या दशकातलं. मी सरकारी ऑफिसात क्लार्क, ती पंचवटीत बालवाडीवर शिकवायची.

लग्नानंतर जोडीने त्र्यंबकेश्वरला जाऊन आलो. येताना एसटीत ती दमून माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली. आजूबाजूला सगळी माणसं. नाशिक येईपर्यंत मी हललो नाही.

पुढे मी कादंबरी लिहिली. नाव सांगत नाही, उगाच कोणी शोधायला जाल.

एकही प्रकाशक दारात उभं करेना. शेवटी म्हटलं, मरू दे, आपणच छापू.

तेव्हा सेल्फ-पब्लिशिंग वगैरे शब्द नव्हते. बोळातल्या प्रेसमध्ये छापायची आणि आपण सरकारी नोकर, म्हणून प्रकाशकाच्या जागी बायकोचं नाव घालायचं.

प्रकाशक : सौ. मंदाकिनी.

ती हे एकच पान सगळ्या मैत्रिणींना दाखवत सुटली. आतल्या कादंबरीचं कौतुक नंतर.

त्या कादंबरीत एसटीचा तो प्रसंग होता. मी लिहिलं होतं, ‘तिने त्याच्या खांद्यावर मान टाकली.’

आता मराठी माणसाला सांगायला नको. मान टाकली म्हणजे आटोपलं.

प्रूफं मी स्वतः वाचली होती. एकदाही खटकलं नाही, कारण माझ्या डोळ्यांसमोर झोपलेली मंदा होती.

पंचवटीतल्या एका वाचनालयाला मीच हौसेने एक प्रत भेट दिली. थोडे दिवस गेले, मग राहवेना. कोणी नेलं का, बघायला गेलो.

नेलं होतं. त्या पानाचा समास पेन्सिलीने भरलेला.

‘अरेरे. ऐन तारुण्यात गेली बिचारी.’

खाली दुसरं अक्षर. ‘थांबा. पुढच्या प्रकरणात पोहे करतेय.’

त्याखाली तिसरं. ‘कावळा शिवला नसेल.’

तुमच्या कमेंट्स निदान डिलीट तरी करता येतात. मी दुसऱ्या दिवशी खोडरबर घेऊन गेलो.

मंदा भाजी घ्यायला बरोबर आली होती. तिला बाहेरच थांब म्हटलं आणि आत कोपऱ्यात बसून खोडत राहिलो.

ग्रंथपाल डोक्याशी येऊन उभे. “पुस्तकात खाडाखोड करायची नाही.”

“माझंच पुस्तक आहे.”

“भेट दिलंय ना? मग आता वाचनालयाचं.”

“अहो, मी लिहिलंय ते.”

टेबलांवरचे सगळे पेपर खाली आले. एक आजोबा चष्म्यावरून बघत म्हणाले, “म्हणजे त्या मेलेल्या बाईचे लेखक तुम्हीच का?”

“ती मेली नाहीये हो,” मी म्हणालो.

झालं. ‘शांतता राखा’ या पाटीखाली माणसं खदखदून हसत होती. धरणीमाय पोटात घेईल तर बरं, असं झालं मला.

तेवढ्यात दारातून आवाज आला.

“नाही मेली. मीच ती.”

मंदा. हातात मेथीची जुडी, पदर खोचलेला.

“आणि प्रकाशकही मीच आहे. काही तक्रार असेल तर मला सांगा.”

सगळे पेपर पुन्हा वर गेले.

मला तिचा अभिमान वगैरे वाटला नाही, खोटं कशाला बोलू. उलट आणखी लाज वाटली. जे एसटीत आम्हा दोघांचं होतं, ते आता पेपर वाचणाऱ्या तमाम मंडळींना कळलं होतं. निघालो तो मी पुढे, ती मागे.

पुलावर तिने गाठलं.

“अहो, एक शब्द चुकला एवढंच ना? ‘टेकली’ म्हणायचं होतं. बाकी खोटं काय लिहिलंत?”



ऐंशीच्या दशकात आणखी एक कादंबरी छापली. प्रकाशक अर्थात त्याच. धास्तीने त्यात मी कोणाला कोणाच्या जवळच जाऊ दिलं नाही. समासात एकच शेरा आला. ‘यात सगळे एकमेकांपासून हातभर लांब का?’

मग लिहिणंच बंद केलं.

मंदाने मात्र तो शब्द सोडला नाही. थिएटरात, सिन्नरच्या जीपमध्ये, पुढे घरी टीव्हीसमोर, माझ्या खांद्यावर डोकं ठेवायच्या आधी न चुकता म्हणायची,

“टेकतेय हो. टाकत नाहीये.”

मी दर वेळी कसनुसा व्हायचो. पाहुण्यांसमोर म्हणाली की जास्तच. “पुरे ग आता,” म्हणायचो. ती पुरे करायची नाही.

काल सकाळी गॅलरीत चहा घेत बसलो होतो. नुकतीच हॉस्पिटलमधून घरी आणली होती तिला. साखर कमी म्हणून माझ्यावर चिडली, अर्धा कप तसाच ठेवला.

मग माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं.

काही बोलली नाही.

मी वाट बघत राहिलो. आता म्हणेल, मग म्हणेल. बराच वेळ हललो नाही, त्या दिवशी एसटीत बसलो होतो तसा.

मंदा, ते वाक्य चुकीचंच राहायला हवं होतं ग.

माझ्या प्रकाशकांना त्यांच्या एकुलत्या एका लेखकाचा नमस्कार.