ओल्या-सुक्याचं कापड

उत्तर व्हिएतनाममधल्या काओबांगच्या डोंगरातल्या दाम सान यांना दोन भाषा येत होत्या, आणि दोघींची कामं त्यांनी वाटून टाकली होती. ताय ही घरातली, शेतातली, भांडणातली आणि रडण्यातली. व्हिएतनामी कचेरीतली. गावच्या कर्ण्यावरून बावीस वर्षं सूचना तेच वाचत आले होते, आधी व्हिएतनामीत, मग तायमध्ये. डुकरांना लस टोचायची आहे हे व्हिएतनामीत ऐकून लोक नुसते मान डोलवत, आणि तायमध्ये ऐकलं की डुकराला धरायला उठत.

पण गावात त्यांना मान होता तो लग्नांमुळे. ताय लोकांत वरपक्षाचा एक म्होरक्या असतो. मुलीकडचे दारात दोरी आडवी बांधतात, बसायची चटई मुद्दाम उलटी टाकतात, आणि म्होरक्यानं गाऊन-विनवून दोरी सोडवायची, चटई सुलटी करून घ्यायची. चाळीसेक लग्नांत सानमामांनी एकाही दोरीला स्वतः हात लावला नव्हता; गाणं ऐकून मुलीकडच्यांनीच ती सोडली होती. गळा होताच, वर जिभेला धार होती. मुलीकडच्या बायका हरल्यावर हसत शिव्या घालत, आणि मामांना त्या शिव्या फार गोड लागत.

शेवटचं गाणं मात्र थट्टेचं नसे. ते मुलीच्या आईला कापड देण्याचं. बाळानं अंथरूण ओलं केलं की आई ओल्यात सरकते आणि बाळाला कोरड्यात घेते, त्या रात्रींची आठवण म्हणून हे ओल्या-सुक्याचं कापड. ते शब्दांसकट दिलं तरच मुलगी नीट मागून नेली, असं मानतात. नाहीतर उचलून आणली.

भाचा थिएम याच्या लग्नाचं कापड मामांच्या बहिणीनं स्वतः विणलं होतं, पांढरं, टोकाला लाल. पोरगा नऊ वर्षांचा असताना ती गेली. जाताना एवढंच म्हणाली, "दादा, त्या आईला नीट दे हं." कापड सतरा वर्षं मामांच्या पेटीत होतं.

आणि थिएमनं मुलगी पसंत केली ती सखल मुलखातली, नामदिन्हकडची, किन्ह, म्हणजे घरातही व्हिएतनामीच बोलणाऱ्या लोकांतली! न्यान तिचं नाव. डोंगरातल्या शाळेत तीन वर्षं शिकवत होती.

"मामा, तिकडे तायचा एक शब्द कुणाला कळायचा नाही," थिएम म्हणाला. "सगळं व्हिएतनामीतच बोल. आणि आटोपतं घे."

"गाणं कुठे आटोपतं असतं का रे?"

"मग गाऊ नकोस. नुसतं सांग."

महिनाभर मामांनी ते गाणं व्हिएतनामीत सांगून पाहिलं. गोठ्यात सांगितलं, ओढ्यावर सांगितलं. म्हशीनंसुद्धा तोंड फिरवलं.

लग्नाच्या दिवशी वऱ्हाड भाजलेलं डुक्कर आणि चिकट भाताच्या वड्या घेऊन न्यानच्या घरी पोचलं. दार सताड उघडं. दोरी नाही, अडवणारं कुणी नाही. मामा उंबऱ्याबाहेरच थांबले. अडवल्याशिवाय आत जायचं कसं? मागे वऱ्हाड उन्हात ताटकळलं. आत कुजबूज सुरू झाली, की म्हातारा कशावरून तरी रुसला.

"या ना आत! काही चुकलं का आमचं?" न्यानची आई थोमबाई घाबऱ्याघुबऱ्या बाहेर आल्या. बाई विधवा, भाताच्या शेतात राबून दोन मुली वाढवलेली.

"नाही, नाही," मामा म्हणाले, आणि आयुष्यात पहिल्यांदा न गाता लग्नघरात शिरले.

आत चटया नव्हत्या, प्लास्टिकच्या खुर्च्या होत्या. चहा झाला, सुपारी झाली. एका तरण्या सूत्रसंचालकानं मामांच्या हातात माईक दिला, आणि तिथंच घात झाला. माईक हाती आला की मामांच्या तोंडून एकाच तऱ्हेची व्हिएतनामी बाहेर पडायची.

"सर्व नागरिकांना कळविण्यात येते की," मामा खणखणीत आवाजात म्हणाले, "सदर मातेने स्वतः ओल्या जागी झोपून अपत्यास कोरड्या जागी निजविले. तरी याची सर्वांनी नोंद घ्यावी."

सगळं घर हसून लोटपोट झालं. कुणीतरी टाळ्याही वाजवल्या. थोमबाईंनी ओठ दाबून हसू आवरलं, दोन्ही हातांनी कापड घेतलं, आभार मानले आणि ते शेजारी बसलेल्या आपल्या बहिणीकडे दिलं. तिनं ते अहेरातल्या चहाच्या डब्यांवर ठेवून दिलं.

मामा खाली बसले. जेवणात त्यांचं लक्ष लागेना. नजर सारखी त्या डब्यांकडे. गेलेल्या बहिणीला काय सांगायचं? हसत हसत देऊन आलो? त्यांना स्वतःची विलक्षण लाज वाटली.

निघायची वेळ झाली. न्यान आईच्या पाया पडायला वाकणार, तोच मामा उठले.

"विहीणबाई, ते कापड मला परत द्या."

सगळे वळून बघायला लागले. दिलेला अहेर परत मागतो हा माणूस? थिएमनं डोळे मिटून घेतले. पण थोमबाईंनी कापड आणून दिलं.

मामांनी माईक बाजूला सारला. कापड दोन्ही तळव्यांवर घेऊन ते थोमबाईंसमोर उभे राहिले आणि तायमध्ये गायला लागले, हळू, कुणाला हरवायचं नसल्यासारखे.

"काय म्हणतायत गं?" थोमबाईंनी विचारलं.

न्यान शाळेतल्या पोरांकडून ताय शिकली होती. ती आईच्या कानाशी सांगू लागली. "म्हणतायत... हिवाळ्याची रात्र. बाळानं अंथरूण ओलं केलं. आई उठली. आई ओल्यात सरकली..." असलं काही ती आपल्या भाषेत आईशी कधी बोलली नव्हती. त्यांच्या घरात 'जेवलीस का' यातच सगळं उरकत असे. "बाळ कोरड्यात झोपलं. आता ते बाळ आम्ही मागतो आहोत. आई, तू..."

 पुढे मामा एकटेच गात राहिले.

गाणं संपलं. थोमबाईंनी कापड घेतलं, पण या वेळी बहिणीकडे दिलं नाही. ते छातीशी धरून त्या लेकीला म्हणाल्या, "तू कुठे अंथरूण ओलं करायचीस? शहाणं बाळ होतीस तू. तुझे बाबा गेले त्या वर्षी छप्पर गळायचं गं. माझ्याच बाजूला गळायचं."

न्याननं डोळे पुसले आणि हे तायमध्ये सांगायला ती मामांकडे वळली.

मामांनी हात वर केला. "राहू दे, पोरी," ते म्हणाले. "एवढी व्हिएतनामी मला येते."