नव्या गाडीवर अण्णांची घोंगडी

मंडळी, सकाळी वडिलांवर ओरडलो, तेव्हापासून घास गोड लागेना.

आमच्या घरातली ही पहिलीच गाडी. दिंद्रुडला आणून आज पाचवा दिवस. काल अण्णांना, म्हणजे वडिलांना, मीच सांगितलं होतं, "कडुलिंबावरची पाखरं घाण करतात, त्यानं कलर खराब होतो. जरा लक्ष ठेवा."

सकाळी बघतो तर बॉनेटवर अण्णांची घोंगडी! लोकरीची, खरखरीत, मेंढरांमागं रानोमाळ फिरलेली. रागानं ओढून काढली, तर काळ्या कलरवर पांढरे ओरखडे.

मी भडकलोच. "अण्णा, ही काय मेंढी हाय का, घोंगडी टाकायला?"

अण्णा शांतपणे म्हणाले, "गाडीला थंडी वाजत न्हाई, येवढं कळतं मला. पाखरांसाठी टाकली. अलगद टाकलती. घोंगडीत कुसळं असत्यात, म्हणून घोंगडी वढायची नसती, उचलायची असती. चार दिवस मेंढरामागं आला असतास तर कळलं असतं."

घोंगडी खांद्यावर टाकली आणि मेंढरं घेऊन निघून गेले.

गॅरेजवाला म्हणाला, पॉलिशनं ओरखडे जातील. बीडला कव्हरही सांगितलंय. पण गाडी कशी जपायची याचे पाच दिवस व्हिडिओ बघितले मी, आणि पहिला ओरखडा पडला तो माझ्याच हातानं.

अण्णा दिवस मावळायला येतील. आमच्या घरात बापाला सॉरी म्हणायची रीत नाही. तुमच्याकडं कसं म्हणतात?