पेटीतली गाय

आमच्या घरी एक लोखंडी पेटी आहे. तिच्यात डांबराच्या गोळ्या आहेत, मायचं लग्नातलं लुगडं आहे, रेशनकार्ड आहे, घरातल्या सगळ्यांची आधारकार्डं आहेत आणि एक गाय आहे. गाय पेटीत कशी मावली असं पुण्याकडचे पाहुणे विचारतात. आमच्या गावात कोणी विचारत नाही, कारण एके काळी गावातल्या निम्म्या गाई पेट्यांमध्येच होत्या.

सिंदेवाही आणि चिमूरच्या मधे, डांबरी रस्ता सोडून आत गेलं की आमचं गाव लागतं. एका अंगाला धानाच्या बांध्या, दुसऱ्या अंगाला जंगल. सकाळी गावाची सगळी ढोरं गायकी जंगलात घेऊन जातो आणि दिवेलागणीच्या आधी परत आणतो. गुराख्याला आमच्याकडे गायकी म्हणतात, आणि त्याच्या कामालाही गायकीच. तालुक्याच्या दवाखान्यात कोल्हापूरकडचे एक डॉक्टर नवीन आले होते, त्यांना मी पहिल्यांदा म्हणालो की आमच्या गावची गायकी फार चांगली आहे, तर ते खूश होऊन म्हणाले, "वा, कोणाकडे शिकलात?"

आमच्या घरी तेव्हा एकच गाय होती, कबरी. माय लग्न होऊन आली तेव्हा तिच्या बापानं तिला एक गाय आंदण दिली होती. कबरी त्या गाईची नात. तिला दोन्ही खेपेला गोऱ्हेच झाले, कालवड झालीच नाही, त्यामुळे मायच्या माहेरची म्हणून जी काही ओळ उरली होती ती कबरीपाशी येऊन थांबली होती. बाप गेला, भाऊ वेगळे झाले, माहेरचं घर पडलं. माय माहेरची आठवण काढायची ती कबरीच्या पाठीवर हात ठेवूनच.

एक दिवस कंत्राटावरचा एक मिशीवाला माणूस पक्कड आणि पिवळे बिल्ले घेऊन गावात आला. सरकारनं आता प्रत्येक जनावराच्या कानात बारा आकडी नंबर घालायचं ठरवलं होतं, म्हणजे रोगराई आली की कोणतं जनावर कुठलं, त्याला लस दिली की नाही, हे फोनवर कळेल. कल्पना चांगली होती. कागदावर आमच्याकडे वाईट कल्पना कधी येतच नाही. त्यानं कबरीच्या कानात खटकन बिल्ला ठोकला, कबरीनं शेपटी त्याच्या तोंडावर मारली आणि तो मायला म्हणाला, "बाई, हे तुमच्या गाईचं आधार कार्ड होय. सांभाळून ठेवजा."

तेवढं बोलून तो पुढच्या घरी गेला. पुढच्या घरीही तो तेच बोलला.

आता, माझ्या मायला आयुष्यभर सरकारी माणसांनी जे जे दिलं ते सांभाळून ठेवायलाच सांगितलं आहे. आणि तिनं ते ठेवलं आहे. निवडणुकीच्या चिठ्ठ्यासुद्धा तिच्यापाशी आहेत. त्यातच शेजारणीची गाय जंगलातून कान फाडून आली. घाणेरीच्या झुडपात बिल्ला अडकला, गाईनं हिसका दिला, बिल्ला जंगलात राहिला आणि कानाच्या दोन पाळ्या लोंबायला लागल्या. मायनं ते पाहिलं, घरात गेली, सुपारीचा अडकित्ता आणला, कबरीला कुरवाळत बिल्ल्याचा देठ कट्‌कन कापला, बिल्ला पुसून लाल फडक्यात बांधला आणि पेटीत ठेवला.

मी धानाच्या रोवणीहून चिखलाच्या पायांनी घरी आलो आणि कान पाहिला. माझं डोकं सणकलं. "अवं माय, तो कानातच ठेवाचा असते!"

"काऊन? तुहं आधार तू कानात घालून हिंडतं का?"

मी पायाचा चिखल धुवायला गेलो.

मायची युक्ती गल्लीतल्या बायकांना इतकी पटली की तो अडकित्ता घरोघर फिरला. गावातल्या गाईंचे कान मोकळे झाले आणि पेट्या भरल्या. काही दिवसांनी ग्रामपंचायतीच्या भिंतीवर सूचना लागली. बिल्ला नसलेलं जनावर विकता येणार नाही, विकत घेता येणार नाही, दुसऱ्या गावी नेता येणार नाही, दवाखान्यात त्यावर उपचार होणार नाहीत. वाघानं मारलं तर भरपाईसाठीही बिल्ला दाखवावा लागेल. वाघासाठी वेगळी सूचना लावलेली मला दिसली नाही. तिकडे व्याघ्रप्रकल्पाच्या मोहर्ली फाटकावर वाघिणीचं नाव, तिच्या आईचं नाव, तिचा स्वभाव, सगळं लोकांना तोंडपाठ असतं. आमच्या कबरीचं मात्र नावही कोणी विचारलं नाही, बारा आकड्यांत भागवलं. सूचना वाचून आम्ही घाबरलो नाही. बिल्ला होता ना घरात, अगदी कुलपात.

मग लम्पी आला. अंगभर गाठी येणारा ढोरांचा रोग. त्या वर्षी पोळा भरू दिला नाही, बैलबाजार बंद झाले, शेजारच्या गावात गाई बसल्या त्या उठेनात. मायनं कबरीला गोठ्यात धूर केला, कडुलिंबाचं पाणी केलं आणि लसीची वाट पाहत बसली. शेवटी कोतवालानं दवंडी दिली की उद्या लस आहे, सगळ्यांनी ढोरांचे बिल्ले घेऊन तळ्याच्या पाळीवर यावं. तळ्याची पाळ अशासाठी की गावात फोनला रेंज तेवढ्याच जागी मिळते.

बिल्ले घेऊन या म्हटलं, लोक बिल्ले घेऊन गेले. ढोरं नेहमीप्रमाणे सकाळी गायकीबरोबर जंगलात गेली होती. तळ्याच्या पाळीवर बायकांची रांग लागली, प्रत्येकीच्या मुठीत एक पिवळा बिल्ला. मिशीवाला माणूस थर्मासचा डबा घेऊन आला आणि रांग पाहून चक्रावला.

"जनावरं कुठी हाय?"

"जंगलात. सांजच्याला येतीन."

"मंग मी टोचू कोनाले?"

त्यानं वर सूर्याकडे पाहिलं, फोनवर रेंज पाहिली. रेंज नेमकी छान होती. तो म्हणाला, "ठीक हाय. रेंज हाय तवर एन्ट्री करून घेतो. उद्या सकाळी ढोरं बांधून ठेवा, येऊन टोचतो." मग तो पाळीवर बसला आणि एकेका बिल्ल्यावर फोन धरत गेला. मायनं बिल्ला पदरानं पुसून दिला.

दुसऱ्या दिवशी आम्ही ढोरं सोडली नाहीत. तो आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. ढोरं दाव्याला हंबरायला लागली, शेवटी गायकी त्यांना घेऊन गेला. मी तालुक्याला जाऊन डॉक्टरांना भेटलो. त्यांनी संगणकात पाहिलं आणि अभिमानानं म्हणाले, "तुमच्या गावचं लसीकरण पूर्ण झालंय. अहो, तालुक्यात पहिलं गाव!"

"साहेब, एकाही ढोराला सुई लागली नाही."

"असं कसं? इथं तर झालीय."

मी सगळं सांगितलं. ते ऐकताना त्यांचा चेहरा उतरत गेला. माणूस वाईट नव्हता. पण एकदा दिलेली लस संगणक परत देऊ देत नव्हता आणि आमच्या गावच्या वाट्याच्या लसी हिशेबात संपल्या होत्या. वर कळवतो म्हणाले, आणि त्यांनी कळवलंही. वरून उत्तर यायच्या आधी कबरीच्या मानेवर पहिली गाठ आली.

दुसऱ्या दिवशी अंगभर गाठी, ताप, पुढचे पाय सुजलेले. चारा तोंडाला लावेना. मी डॉक्टरांना फोन केला तर ते मोटारसायकलवर घरी आले. सवयीनं त्यांनी आधी विचारलं, "हिचा नंबर?" मायनं पेटी उघडली, लाल फडकं सोडलं, बिल्ला त्यांच्या हातात दिला. त्यांनी फोन बिल्ल्यावर धरला. फोनमधली कबरी लस घेतलेली होती, ठणठणीत होती. त्यांनी फोनकडे पाहिलं, मग गाईकडे पाहिलं. फोन खिशात टाकला, बिल्ला मायला परत दिला आणि सुई भरली. नियमात ते बसत होतं की नाही मला माहीत नाही. त्या माणसाचा मला त्या क्षणी फार आदर वाटला, आणि बाकी सगळ्यांचा इतका संताप आला की मी गोठ्याबाहेर जाऊन उभा राहिलो.

ते त्यानंतरही येत राहिले. माय कबरीचं डोकं मांडीवर घेऊन बसायची, कडुलिंबाच्या पाल्यानं माशा हाकायची आणि तिला माहेरच्या गोष्टी सांगायची. विहिरीच्या, चिंचेच्या, आजोबाच्या. कबरी कान हलवायची, तो बिल्ल्याच्या भोकाचा कान. एका सकाळी तो हलला नाही.

बांधीच्या टोकाला खोल खड्डा खणला, चुना टाकला. डॉक्टर शेवटपर्यंत उभे होते. मग घरी आले. दूध नव्हतं, म्हणून मायनं त्यांना कोरा चहा दिला. तो संपवून ते हळूच म्हणाले, "बाई, तेवढा बिल्ला द्या. मृत्यूची नोंद करतो आणि नंबर बंद करून टाकतो."

"बंद नाई केला तं?"

"तर संगणकात ती जिवंतच राहील. लसीची वेळ झाली की तुमच्या फोनवर मेसेज येत राहतील."

मायनं पेटीचं कुलूप ओढून पाहिलं आणि किल्ली पदराला बांधली. "मंग राहू द्या. येऊ द्या मेसेज."

"अहो, पण नियम आहे बाई..."

"तुमच्याच मानसानं सांगतलं होतं, सांभाळून ठेवजा," माय म्हणाली. "बिल्ला मले सांभाळाले देल्ला, मी सांभाळला. गाय तुमी सांभाळाची होती."