धोंड्यात दिलेली चाकं

ती घटना आठवली की आजही मान खाली जाते. नोकरीत चोर, दरोडेखोर, मारेकरी सगळे पाहिले. पण समोरच्याच्या डोळ्यांत बघायची लाज वाटावी, असं त्या एकाच तपासात झालं. त्यात कुणाचंही नाव घेणार नाही.

धाराशिव जिल्ह्यातल्या भूमच्या बाजूला एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. सकाळची हजेरी चालू असताना फोन आला, ईटच्या रस्त्यावर मोटार शेतात उलटलीय. आम्ही पोचलो तेव्हा मोटार चालवणारा तरुण बांधावर बसला होता, त्याला थोडं खरचटलं होतं. बायकोला मात्र लोकांनी दवाखान्यात हलवलं होतं. तिच्या कमरेचं हाड मोडलं होतं. खड्ड्यात आदळून पुढच्या डाव्या चाकाचा तुकडाच उडाला होता. पंचनामा करून चाक ताब्यात घेतलं.

तरुणाने फिर्याद दिली ती कळंबच्या एका चाकं विकणाऱ्यावर. दुकानदाराने कच्चा माल गळ्यात मारला, असं तरुणाचं म्हणणं. ती चाकं धोंड्यातली होती. आमच्याकडे अधिक महिन्यात लेक-जावयाला बोलावतात, पुरणाचे धोंडे जेवू घालतात आणि जावयाला वाण देतात. पूर्वी तांब्याचा दिवा, चांदीची वाटी चालायची. या जावयाला मोटारीसाठी अलॉयची, म्हणजे हलक्या मिश्रधातूची चाकं हवी होती. सासरा लोहाऱ्याकडचा साधा शेतकरी, त्याने ती घेऊन दिली.

दुकानदाराला बोलावून घेतलं. गावातली पोरं दुकान फोडायच्या गोष्टी करत होती, त्यामुळे तो आधीच अर्धा झाला होता. म्हणाला, "सायेब, हलकं चाक वाईट न्हाय. पण ते किती वजन सोसतं त्याचा आकडा मागं कोरलेला असतो, तो बघून घ्यावं लागतं. म्या त्यांना दणकट चाक दाखवलं व्हतं, जाड टायरसकट. जावयाला मोठं, चकचकीतच पायजे व्हतं. चाक मोठं केलं की टायर पातळ होतो, मग खड्ड्याचा दणका थेट चाकालाच बसतो. लई सांगितलं. सासरे म्हनले, जावयाच्या मनासारखं द्या."

हा माणूस स्वतःला वाचवायला बोलतोय, असं मला वाटलं. पण त्याच दिवशी आमच्या खबऱ्याने, तो रस्त्यावर चहाचं हॉटेल चालवायचा, कानावर घातलं, "सायेब, ते चाक आधीच तडकलेलं व्हतं. गॅरेजात वेल्डिंग मारलंय त्याला." गॅरेजवाल्याने लगेच कबूल केलं. मोटार वाहन निरीक्षकांनी चाक पाहून वेल्डिंगचा डाग दाखवला. तुटलं ते नेमकं तिथूनच. अलॉयला तडा गेला की चाक बदलायचं असतं, जोडायचं नसतं, एवढं त्यांनी मला सांगितलं.

जावयाला पुन्हा बोलावलं. त्याच्याबरोबर सासराही आला. मी विचारलं, "वेल्डिंग कुणी करून घेतलं?" सासऱ्याने टोपी काढून मांडीवर ठेवली.

"म्या सांगितलं व्हतं सायेब. जावईबापूंचा काय दोष न्हाय. नवं कशाला, जोडून घ्या, असं मीच म्हनलो."

"कुठलं चाक जोडलं, मामा?"

ते जावयाकडे बघायला लागले. जावई खिडकीबाहेर बघत होता.

"मागचं," ते म्हणाले. "मागचंच व्हतं."

तुटलं होतं ते पुढचं. तपासात खोटं पकडलं की आम्हा पोलिसांना मनातून बरं वाटतं, खोटं का बोलावं. त्या वेळी मात्र मला माझी खुर्ची नकोशी झाली. वडलांच्या वयाचा माणूस माझ्यासमोर घामाघूम होऊन दुसऱ्याचं पाप स्वतःच्या अंगावर ओढून घेत होता, आणि ज्याचं पाप तो खुशाल ओढू देत होता. मी आवाज चढवला, तो जावयावर. तो खिडकीबाहेरच बघत राहिला.

मग दवाखान्यात जाऊन लेकीचा जबाब घेतला. वडील बाहेर बाकावर बसले होते. तिला हलताही येत नव्हतं. ती म्हणाली, "ह्यांनी जोडून आनल्यावर बी चाकातनं आवाज यायचा. म्या म्हनलं, गाडी नगा काढू, आधी चाक बदला. तर म्हनले, तुझ्या बापानं दिलंय, आता तूच नाव ठिवती व्हय? बदलून आनलं तर लोक म्हनतील, सासऱ्यानं फुटकं दिलं." तिने तोंड भिंतीकडे केलं. "माझ्या बापाला यात नगा घेऊ सायेब. त्यांनला गाडीचं काय बी कळत न्हाय."

बाहेर येऊन मी म्हाताऱ्यांच्या शेजारी बसलो. विचारलं, "मामा, खोटं का बोललात?"

"ती बरी झाल्यावर जानार कुठं, सायेब? त्याच घरी ना? आज त्याला उघडा पाडला तर उद्या तिला त्याचं तोंड बघून जगायचं हाय." आणि हात जोडले. "तेवढं कागदावर नगा घेऊ."

मला ते ऐकता येण्यासारखं नव्हतं. दुकानदार बिनकसूर अडकला असता. मी जबाब जसाच्या तसा घेतला आणि जावयावर निष्काळजीपणाचा गुन्हा दाखल केला. कायद्याने बरोबर तेच होतं. तरी म्हाताऱ्यांचे जोडलेले हात मी खाली केले तेव्हा शरमेने माझीच मान खाली गेली.

मलाही सासर आहे. आमच्यात जावयाला नाही म्हणायची रीत नाही आणि दिलेल्यात खोट आहे असं तोंडावर सांगायचीही नाही. त्या दोन न बोलण्यांच्या मधे एक बाई मोटारीत बसली होती. तेव्हापासून कुणी खोटं बोललं तर मी आधी विचार करायचो, हा कुणासाठी बोलतोय. ते कळलं की बाकीचं आपोआप कळतं, पण ते कळून दर वेळी आनंद होतो असं नाही.

गुन्हा जामीनपात्र होता. ठाणे अंमलदाराने जामीनदार आणायला सांगितलं. जावयाच्या घरचं कुणी आलंच नाही. दुपारी सासरा आला, सातबारा घेऊन. जावयासाठी त्याने अंगठा उठवला आणि शाई पुसायला कागद मागितला. जावयाने त्याच्याकडे पाहिलं नाही. मीही पाहिलं नाही.