सेमलावरचं घरटं आणि हिचा पिंड

कावळा शिवला. पण तो का शिवला, हे मला अजून कळलेलं नाही. म्हातारा झालो, दात गेले, ही गेली, आणि डोक्यात एवढं एकच घेऊन बसलोय. शिकलेल्यांना विचारलं तर प्रत्येकाने वेगळंच सांगितलं. म्हणून जसं झालं तसं लिहून ठेवतो. माझं शिक्षण बेताचं, अक्षर वाकडं. चालवून घ्या.

दुर्गाघाटावर माझं दुकान. दर्भ, काळे तीळ, जानवी, पत्रावळी. काशीतली आमची मराठी माणसं कुणी भिक्षुक, कुणी शास्त्री, कुणी गोऱ्यांच्या कॉलेजात पंडित. मी दुकानदार. कुणी गेलं की घरचे आधी माझ्याकडे येतात. दहाव्याला पिंडाला कावळा शिवला नाही, तर दर्भाचा कावळा करून शिववतात, तो दर्भही माझाच. जन्मभर लोकांना तोंडावर सांगत आलो, "उन्हात काय ताटकळता? दर्भाचा करा आणि घरी जाऊन जेवा. गेलेल्या माणसाला काय फरक पडतो?"

आमच्या हिला एका पक्ष्याचा नाद. दुकानावरच आमची माडी. तिच्या खिडकीतून गंगा दिसायची आणि घाटाच्या पायऱ्या संपतात तिथला मातीचा उतारही. उतारावर जुना सेमल, देशाकडे ज्याला काटेसावर म्हणतात तो. थंडीत त्याची पानं गळली की शेंड्याजवळचं घरटं उघडं पडायचं. घरटं कसलं, सरपणाचा भाराच तो. दरवर्षी त्यावरच नव्या काटक्यांची भर. पुराचं पाणी उतरलं, कार्तिकातले आकाशदिवे बांबूंवर चढले, की जोडी हजर. घारीपेक्षा कितीतरी मोठा पक्षी. अंग काळपट तपकिरी, डोकं आणि मान वाळक्या गवतासारखी फिकी, काळ्या शेपटीत रुंद पांढरा पट्टा. ओरडायचा तर तेल न घातलेल्या रहाटासारखा, पार गंगेपलीकडे रामनगरच्या वाळूपर्यंत ऐकू जाईल असा.

"आले बघ तुझे जावई," मी खालून हाक मारायचो.

"जावई नव्हे, माहेरची माणसं आहेत माझी. थंडीत येतात, उन्हाळ्यात जातात, तुमच्याकडे काही मागत नाहीत."

उन्हाळ्यात कुठे जातात, ते तिलाही ठाऊक नव्हतं. हिमालयाकडे जात असतील म्हणायची.

आमचे भटजी सांगायचे, हा गरुड, विष्णूचं वाहन. ओळखीचा मल्लाह, म्हणजे नावाडी, नावेत बसल्या बसल्या हसायचा. "कौन गरुड, पंडितजी? मछमंगा है. घार मासा घेऊन चालली की हा तिच्या मागे लागतो. मागून खाणारा आहे." ही म्हणायची, दोघांनाही अर्धंच माहीत. पाण्याच्या वर आलेला मासा तो स्वतःही झडप घालून मारतो. मासा उचलवेना इतका जड असला, तर पंख मारत मारत वाळूपर्यंत ओढत नेतो. चोरतोही. मेलेला मासा, कासवाचं पिल्लू, बदक, त्याला काही वर्ज्य नाही. अंड्यांवर नर-मादी दोघंही पाळीपाळीने बसतात. हे सगळं तिने खिडकीतून पाहिलेलं, आणि सांगायची कधी, तर मी जेवायला बसलो की.

"अगं, वरणभातावर मासळीच्या गोष्टी काय काढतेस?"

"नुसती सांगतेय. खातेय का? ताक घ्या."

विष्णूचं वाहन सडका मासा कसं खातं, हे मला तेव्हाही कळलं नव्हतं. भटजींना विचारलं तर ते दुसरंच काही बोलायला लागले.

त्या उतारावरच आमच्या लोकांचे दहावे व्हायचे, कारण कावळे तिथे पुष्कळ. पण घरट्यात अंडी-पिल्लं असली की ही जोडी कावळ्याला झाडाजवळ फिरकू द्यायची नाही. कावळा अंडी पळवतो ना. मग पिंड तसेच पडून राहायचे. एका थंडीत लोक चिडले आणि घरटं पाडायचं ठरवून बसले. ही डोक्यावर पदर घेऊन तरातरा खाली उतरली आणि भर घाटावर म्हणाली, "पिंड उताराच्या त्या टोकाला मांडा की! तुमच्या मेलेल्यांना तेवढंही चालवत नाही होय?" काही हसले, काहींनी माझ्याकडे डोळे वटारले. पण तेव्हापासून थंडीत पिंड टोकाला जायला लागले आणि घरटं वाचलं.

पुढे एका पौषात तिला ताप आला आणि ती गेली. त्यावर मला काही लिहिता येत नाही.

दहाव्याला मीच भटजींना म्हटलं, हिचा पिंड सेमलाखाली मांडा. टोकाला नको. ते म्हणाले, "अहो, वर पिल्लं आहेत. कावळा यायचा नाही." मी म्हटलं, "असू द्या पिल्लं. तिला तिथनं घरटं दिसेल." मी काय बोलत होतो ते मलाच कळत नव्हतं. त्यांनी मांडला.

कावळे आले, पण लांब नावांच्या काठावर बसून राहिले. वर मादी पिसं फुगवून त्यांच्याकडे बघत होती. भटजी म्हणाले, "काही इच्छा राहिली असेल. वचन द्या." लेक म्हणाली, "आई, बाबांना मी सांभाळीन." हिचा भाऊ म्हणाला, "ताई, श्राद्धाला कधी चुकणार नाही." मी म्हटलं, तुझी तुळस वाळू देणार नाही. एक कावळा मान वाकडी करून बघत होता, तेवढंच.

ऊन चढलं. भटजींनी माझ्याकडे पाहिलं. "दर्भाचा करायचा का?"

जुडी माझ्याच दुकानातली, माझ्याच हातात होती. ती पुढे करवेना. हिच्या पिंडाला गवताचा कावळा? मी मान हलवली. मग विचारलं, पिंडच उचलून टोकाला नेऊ या का? "मांडलेला पिंड हलवत नाहीत," भटजी म्हणाले. बरोबर होतं त्यांचं, मलाही ठाऊक होतं.

तेव्हा मेहुणा म्हणाला, "दाजी, सोपं आहे. घरटं खाली काढा. ते धूड गेलं की कावळा येतोच."

मल्लाह जवळच उभा होता. त्याने कमरेला दोर बांधला, झाडाच्या बुंध्याला हात लावला आणि माझ्याकडे पाहिलं. मलाही तो पंडितजीच म्हणायचा. "हुकुम करो, पंडितजी. पर बच्चे मर जाएँगे, जान लो."

"बाबा," लेक रडत म्हणाली, "आईला सुटू द्यायचं नाही का तुम्हाला?"

मी उभाच. एकीकडे हिचा पिंड उन्हात वाळत होता, दुसरीकडे हिचं माहेर वर झाडावर. आणि मधेच डोक्यात आलं, काशीत मरतो त्याच्या कानात महादेव स्वतः मंत्र सांगतात, तो तिथल्या तिथे सुटतो, असं आम्ही जन्मभर ऐकलेलं. मग ती सुटलीच असेल तर इथे अडकलंय कोण? मी भटजींना तसं विचारलंही. ते म्हणाले, "तो विषय वेगळा. आत्ता नको."

"दोर सोड," मी मल्लाहाला म्हटलं.

"दाजी, बहिणीचा जीव टांगून ठेवताय तुम्ही!"

"तुझी बहीण घरटं पाडलेलं बघून जेवेल होय रे? मी तिच्याबरोबर संसार केलाय, तू नाही." मग खिडकीखालून हाक मारायचो तसा मी पिंडाकडे बघून ओरडलो, "ऐकलंस का? मी असेपर्यंत या झाडाला कुणी हात लावणार नाही. आता तरी जेव!"

आता इथेच माझा घोळ आहे. मी हे बोललो त्याच सुमाराला एक घार मासा घेऊन नदीवरून चालली होती. मादी किंचाळली आणि झाड सोडून तिच्या मागे लागली. पलीकडच्या वाळूवरून नरही उठला. झाड रिकामं झालं. एक कावळा उतरला, तिरपा तिरपा उड्या मारत आला, भातात चोच घातली आणि गेला.

भटजींनी हात जोडले. "बघा, हीच इच्छा होती." मेहुणा रडला, माझ्या पाया पडला. मल्लाह दोर गुंडाळत म्हणाला, "मछमंगा उडा, तो कौआ आया. और क्या?"

मी आधी बोललो की घार आधी आली? सगळं त्यावर आहे. लेकीला विचारलं, तर ती म्हणाली, "मी डोळे मिटले होते, बाबा." मेहुणा म्हणतो, तुम्ही आधी बोललात. मल्लाह म्हणतो, घार आधी. मला आठवतं ते रोज बदलतं.

वचन मात्र पाळतोय. मधे एक गोरा साहेब चपराशाला घेऊन आला. त्याच्याकडे कापूस भरलेली पेटी होती. चपराशी म्हणाला, साहेबाला या पक्ष्याची अंडी पाहिजेत.

"खायला?"

"नहीं, काँच की अलमारी में रखने को."

खायची नाहीत, उबवायची नाहीत, मग पाहिजेत कशाला? मी बुंध्याला पाठ लावून बसलो. सेमलाचे काटे टोचत होते. म्हटलं, सांग तुझ्या साहेबाला, माझी बायको इथे जेवते. चपराशाने काय भाषांतर केलं देव जाणे. साहेबाने वर पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, टोपी काढली आणि निघून गेला. त्याला काय समजलं, तेही मला कळलेलं नाही.

वचनामुळे कावळा आला असेल, तर झाड राखायलाच हवं. घारीमुळे आला असेल, तर वचन तिने ऐकलंच नसेल. मग ती अजून वाट बघत असेल, आणि तरीही झाड राखायलाच हवं. यापुढे माझं डोकं चालत नाही. दुकानात हल्ली कुणी विचारलं, कावळा येत नाही, काय करू, तर मी दर्भ बांधून देतो आणि गप्प बसतो.

यंदा जोडी उशिरा आली. काल नर लांब काटकी घेऊन आला, ती घरट्यात बसेना. मी खालून ओरडलो, "अरे, आडवी घाल, आडवी!"

मल्लाह नाव बांधत होता. "किससे बतिया रहे हो, पंडितजी?"

मी वर पाहिलं, मग माडीच्या खिडकीकडे पाहिलं. कुणाशी, ते मला सांगता आलं नाही.