सोळाव्या नंबरचे साडू

माझ्या आजवरच्या आयुष्यात "सुधारू नका" असं हात जोडून सांगणारा एकच माणूस मला भेटला, आणि तो म्हणजे आमचे साडू. बाकी सगळ्यांनी, म्हणजे आईने, मास्तरांनी, ऑफिसातल्या साहेबांनी आणि लग्नानंतर बायकोने, मला सुधारण्याचं जणू कंत्राटच घेतलं होतं. एकेक जण थकून बाजूला झाला. बायको अजून थकलेली नाही, थकलोय तो मी.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, आमच्या ताईचे, यजमान. राहायला बदलापूरच्या कडेला खरवईत, नोकरीला शहाडच्या एका कारखान्यात मशीनवर. ज्या वयात माणसं गुडघ्यांना तेल चोळत बसतात, त्या वयात या गृहस्थाला कॉम्प्युटरवरच्या गोळीबाराचं वेड लागलं. घरोघरी इंटरनेट यायच्या आधीची गोष्ट. उल्हासनगर कॅम्प एकमध्ये, एका साड्यांच्या दुकानाच्या डोक्यावर, लाकडी जिना चढून गेलं की एका सिंधी शेठचं सायबर कॅफे होतं. रविवारी सकाळी विहारात वंदना झाली की त्याच पांढऱ्याशुभ्र शर्टपँटमध्ये साडू स्कूटरला किक मारत आणि थेट तिथे हजर होत. इकडचे पाच, पलीकडे कल्याण-अंबरनाथच्या कुठल्यातरी कॅफेतले पाच, आणि मध्ये बंदुका. टीममधली बाकीची मुलं कॉलेजातली, त्यांना "अंकल" म्हणणारी. खेळातलं नाव त्यांनी "खरवई" असं घेतलं होतं, त्यामुळे कल्याणची पोरं बरेच दिवस त्यांना रशियन समजत होती. गोळी झाडण्याआधी ते समोरच्यांना न चुकता "जयभीम" टाइप करत. टाइप होईपर्यंत समोरचा गोळी घालून मोकळा होई. मुलं कपाळावर हात मारत. "आधी रामराम की जयभीम, मग काय ती मारामारी," साडू म्हणत. "आपण काय घरफोडे आहोत?"

पण त्यांचं खरं वेड गोळीबाराचं नव्हतं, नंबरांचं होतं. या सगळ्या कॅफेंचा मिळून एक प्रोग्राम होता, तो प्रत्येक खेळाडूला नंबर देई. तो कसा देतो हे साडूंनी मला इतक्या वेळा समजावलं की झोपेतून उठवून विचारलंत तरी मी सांगेन. वरच्या नंबरवाल्याला हरवलं की भरपूर गुण मिळतात, खालच्याला हरवलं की चिमूटभर. वरच्याकडून हरलात तर फार जात नाही, खालच्याकडून हरलात तर सालटं निघतात. म्हणजे जिंकलात की हरलात याला महत्त्व नाही, समोर कोण होतं याला आहे.

हे "समोर कोण होतं" त्यांनी पुढे सगळ्या नातेवाइकांना लावलं. पुतणीला बघायला पाहुणे आले होते. मुलाचे वडील अभिमानाने म्हणाले, "आमचा मुलगा दहावीला शाळेत पहिला." साडूंनी पोह्यांची बशी खाली ठेवून शांतपणे विचारलं, "हो, पण समोर कोण होतं?" पाहुण्यांनी चहा घेतला नाही. माझं सासूबाईंशी वाजलं की ते समजूत काढत, "भाऊ, त्या वरच्या नंबरवर. त्यांच्याशी हरलात तर तुमचं काही जात नाही. मेहुण्याशी तेवढं जपून." नव्या जावयाचं पहिल्या दिवाळीला सगळं घर कौतुक करायला लागलं, तेव्हा ते कोपऱ्यातून म्हणाले, "नवीन खेळाडूचा नंबर असाच वरखाली उडतो. यंत्राने अजून ओळखलं नाही त्याला. चारपाच सण जाऊ द्या, बसेल जागेवर."

"आणि जागेवर बसला की?" मी विचारलं.

"मग तो निम्मे डाव जिंकतो, निम्मे हरतो. यंत्र शेवटी प्रत्येकाला तिथेच नेऊन बसवतं."

"मग खेळायचं कशाला?"

"जागा धरून ठेवायला," ते म्हणाले. एखादा माणूस ड्युटीवरून आल्यावर चप्पल काढतो तसं बोलले.

त्यांना हवी होती ती जागा फार मोठी नव्हती. नंबरांची यादी पडद्यावर उघडली की पहिल्या पानावर पंधरा नावं दिसत. सोळावं बघायचं तर बटण दाबावं लागे, आणि बटण कोण दाबतो? साडूंचं सगळं आयुष्य बटणापलीकडे गेलं होतं. लग्नपत्रिकांत ते "व समस्त परिवार" असत. कारखान्याच्या सत्कारात "इतर कामगार" असत. युनियनच्या फोटोत मागच्या रांगेत, पुढच्याच्या टोपीआड, त्यांचा एक कान दिसे. ताई तो कान पाहुण्यांना दाखवी. तेव्हा एकदा पहिल्या पानावर नाव यावं, बटण न दाबता दिसावं, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

माझी या भानगडीत गरज अशी पडली. गुण मोजताना यंत्र सगळ्या टीमची सरासरी काढतं. टीम तगडी असेल तर जिंकून फारसं काही मिळत नाही. पण टीममध्ये एखादा अगदीच ढ असेल तर सरासरी कोसळते, आणि मग जिंकलं की गुणांचा पाऊस. साडूंनी असा माणूस पंचक्रोशीत शोधला आणि तो त्यांना अंबरनाथला, वाटेवरच, आमच्या घरात सापडला. मला नाव टाकता येत नव्हतं म्हणून मी यादीत नुसता "प्लेअर" होतो, शेवटच्या पानावर, शेवटून दुसरा. शेवटचा जो होता त्याने खेळणं सोडलं होतं.

"भाऊ, तुम्ही आमचं भांडवल," साडू स्कूटरवरून मागे वळून म्हणत. "चौघं मिळून आम्ही जिंकू. तुम्ही फक्त सुधारू नका."

मी मनापासून सहकार्य केलं. भिंतीकडे तोंड करून उभा राहत असे, शिडीवरून पडत असे, एकदा स्वतःच्याच बॉम्बवर उभा राहिलो. पण एका रविवारी माझा बॉम्ब भिंतीवर आपटून परत फिरला आणि त्यात समोरचे दोघं गेले. मुलांनी टाळ्या वाजवल्या. साडूंचा चेहरा पडला. दुपारी ताईचा बायकोला फोन आला, "हे विचारतायत, भाऊजी घरी चोरून सराव करतात का?"

"ताई, हे घरी काहीच करत नाहीत," बायको म्हणाली. इतक्या खात्रीने माझी बाजू तिने त्याआधी किंवा नंतर घेतलेली नाही.

असं करत करत साडू सोळाव्या नंबरवर आले आणि नेमकं तेव्हाच शेठने कॅफे बंद करायचं ठरवलं. मुलांच्या घरी इंटरनेट आलं होतं, शेठला जीन्सचं दुकान टाकायचं होतं. "साईं, अब कौन आता है इधर," तो म्हणाला. बाकीच्या कॅफेंचीही तीच गत. प्रोग्रामच बंद होणार होता. शेवटचा रविवार, समोर कल्याणची सगळ्यात तगडी टीम. जिंकलो तर साडू पहिल्या पानावर, आणि ते पान तसंच कायमचं राहणार.

मुलं म्हणाली, "अंकल, आज तरी कोणीतरी चांगला घेऊ ना."

"चांगला घेऊन जिंकलो तरी सोळाच्या वर जात नाही," साडू म्हणाले. "भाऊच पाहिजेत."

डाव बरोबरीत गेला. शेवटच्या फेरीत आमची तिन्ही मुलं गेली, मग साडू गेले. समोरचा एकच उरला, आणि आमच्याकडून मी. मी एका खोक्यामागे बसलो होतो, कारण उठायचं बटण मला आठवत नव्हतं. मेलेले सगळे येऊन माझ्या खुर्चीमागे उभे राहिले. आयुष्यात पहिल्यांदाच मला मनापासून वाटलं की आपण आत्ता, या मिनिटाला, थोडं सुधारावं.

"अंकल, पीछे देखो," एक मुलगा ओरडला.

पडद्यावर मागे बघायचं तर माऊस फिरवायचा असतो. मला हे माहीत होतं. पण तो "पीछे देखो" म्हणाला आणि मी खुर्चीतच मान वळवून खरोखर मागे पाहिलं. मागे पांढऱ्या शर्टात साडू उभे होते, दोन्ही हात पोटाशी धरून. मी त्यांच्याकडे बघतोय, ते माझ्याकडे बघतायत, आणि माझ्या पाठीमागे, पडद्यावर, मी मेलो.

साडू आपल्या जागेवर गेले, समोरच्यांना "जयभीम" टाइप केलं. थोड्या वेळाने कल्याणकडूनही अक्षरं आली, पाचही जणांची, "जयभीम अंकल". मग साडूंनी यादी उघडली, बटण दाबलं. सोळावे. "फार गेले नाहीत," ते म्हणाले. "समोर कोण होतं ते बघा ना." शेठने मशीन बंद केली.

लाकडी जिना उतरताना त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. आधारासाठी असावा, गुडघे तेव्हापासूनच बोलायला लागले होते. "भाऊ, शब्द पाळलात," ते म्हणाले. टोमणा होता की नाही हे मला आजही ठरवता आलेलं नाही.

साडू रिटायर झाले त्यालाही आता बराच काळ झाला. खरवईत त्यांच्या खिडकीसमोर एवढ्या बिल्डिंगा झाल्यात की पलीकडचा डोंगर बघायला गच्चीवर जावं लागतं. परवा गेलो तर मी उगाच विषय काढला. म्हटलं, "साडूभाऊ, आता मला कळलंय. माऊस फिरवायचा असतो."

ते बराच वेळ हसत राहिले, आवाज न करता. मग कपात उरलेला चहा बशीत ओतून ती बशी माझ्याकडे सरकवली.

"बरं झालं," ते म्हणाले. "आता सुधारलात तरी चालेल."